दोन रंगांचा रणगाडा

आमच्या घरात त्या काळी जे काही आवाज होते ते मायचे होते. काटवटीत भाकरी थापल्याचा, घागरीच्या तळाशी तांब्या खरडल्याचा, छबूच्या केसांतून फणी ओढताना चाललेल्या कटकटीचा. तात्यांचा आवाज नव्हता. तात्या म्हणजे माझे चुलते, वडलांचे धाकटे भाऊ. वडील मी लहान असतानाच गेले, चुलती पहिल्या बाळंतपणात गेली आणि तात्या फौजेत. त्यामुळे घर म्हणजे माय, मी, माझी धाकटी बहीण छबू, आणि महिन्याला येणारी तात्यांची मनिऑर्डर. मग एकाहत्तरची लढाई झाली. तात्या वाळवंटात रणगाडा चालवत होते. त्यांच्या गाडीला गोळा लागला, आतले दोघं तिथंच जळाले, तात्या डावा हात भाजून बाहेर पडले. दवाखान्यातून फौजेनं त्यांना पेन्शनीवर घरी पाठवलं. ते आले, मायला ‘बरं हाय, वैनी’ म्हणाले आणि छपरात बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडले. किती दिवस पडून होते ते आता सांगता येणार नाही. माझ्या आठवणीत तो एकच लांब दिवस आहे.

बाहेर दुष्काळ होता. तेरणा नदी आमच्या गावाखालून जाते असं म्हणायचं, पण त्या वर्षांत तिथून फक्त शेळ्या जायच्या. पात्रात खड्डे खोदून बायका वाटीवाटीनं पाणी भरत बसत. माय पाझर तलावाच्या कामावर जायची, माती वाहायची, आणि संध्याकाळी कामावर वाटलेली सुकडी, ते गोड कोरडं पीठ, पदरात बांधून आणायची. परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीची भाकरी असायची. सगळे तिला ‘लाल भाकर’ म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचो. ती घशाखाली उतरायची नाही. जवसाची चटणी आणि पाण्याचा घोट घेऊन ढकलावी लागे. माय आधी तात्यांचं ताट वाढायची. ताट बाजेखाली तसंच पडून राहायचं, मग ते छबू आणि मी वाटून खायचो. आम्हाला त्याचं वाईट वाटायचं नाही, कारण पोटात भूक असायची.

तात्या पूर्वी सुट्टीवर यायचे तेव्हाचे मला चांगले आठवत होते. आमचा बौद्धवाडा गावाच्या खालच्या अंगाला. वाड्यातली वडीलधारी माणसंसुद्धा गावात गेली की पाराच्या खाली उभी राहून बोलायची. तात्या मात्र वर्दी घालून सरळ पारावर जाऊन बसायचे, बूट काढायचे नाहीत, आणि पाटलाचा मोठा मुलगा येऊन ‘काय म्हणते फौज?’ असं विचारायचा. त्यांना ऊठ म्हणायची कुणाची टाप नव्हती. मी जवळच उभा असायचो. शाळेत मला पुस्तकांची गोडी होती, पण मला काय व्हायचं आहे हे मी त्या पारापाशीच ठरवलं होतं. माझ्या पिढीतल्या आमच्यातल्या पुष्कळ पोरांनी ते तसंच कुठंतरी ठरवलेलं असणार.

त्याच सुमारास आमच्या भागात सहकारी साखर कारखाना निघायचा होता. प्यायला पाणी नव्हतं आणि उसाच्या कारखान्याची पायाभरणी होती, यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. समारंभाला शाळांनी देखावे मांडायचे होते. आमच्या चित्रकलेच्या सरांनी ठरवलं की आपण वाळवंटातली लढाई मांडू, आणि वर्गात मला उभं केलं. ‘तुझे चुलते होते ना रे तिथं? त्यांना विचार, रणगाडे करून देतील का लाकडाचे.’ मी हो म्हणून बसलो. लढाईचं नावही घरात काढायचं नाही, असं मायनं बजावलेलं होतं.

दोन दिवस मी बाजेभोवती घुटमळलो. शेवटी माय कामावर गेलेली असताना म्हणालो, ‘तात्या, रणगाड्याला खाली चाकं किती असत्यात?’ मग भिंतीकडूनच आवाज आला, ‘कशाला पायजे?’ मी सांगितलं. तात्या कुशीवर वळले. मला वाटलं आता मारतात. ते म्हणाले, ‘लाकूड कोणतं हाय घरात?’

घरात पांगाऱ्याचं एक खोड होतं, हलकं, कापायला मऊ. तात्यांनी बाजेवर बसूनच विळ्यानं ते तासायला घेतलं. भाजलेल्या हाताची बोटं पुरती मिटत नव्हती, म्हणून ते लाकूड पायांच्या तळव्यांत धरायचे. खोके तयार झाले, वर फिरता घुमट म्हणून दोऱ्याच्या रिळाचं लाकूड बसलं, तोफेची नळी छत्रीच्या काडीची, पट्टे सायकलच्या फाटक्या ट्यूबचे. ते काम करताना मधेच बोलायला लागले. आधी एकेक शब्द, मग वाक्यं. माय संध्याकाळी आली तेव्हा तात्या अंगणात बसून भाकरी खात होते. ती डोक्यावरची टोपली न उतरवता दारातच थांबली. मग आत गेली, आणि तिनं त्या दिवशी कालवणाला फोडणी दिली. तेल जपून वापरायचे दिवस होते ते. तो चर्र आवाज मला अजून ऐकू येतो.

रणगाडे झाले, आता रंग राहिला. सर म्हणाले होते हिरवा द्या, वर्तमानपत्रात तसेच असतात. तात्यांना ते मान्य नव्हतं. ‘गाड्या मूळच्या हिरव्याच असत्यात,’ ते म्हणाले, ‘पर तिथं गेल्यावर आमी चिखल कालवून फासायचो. बोनेटला, नळीला, समद्याला. वाळूत हिरवं दिसलं की मेलास. दोन कोसावरनं दिसतंय.’ मग त्या रंगाचं वर्णन करायला लागले. सकाळी ती वाळू एक असते आणि दुपारी दुसरी, पण गाडीवर बसलेली धूळ एकच असते, शिळ्या पिठासारखी. नव्या सुतळीसारखा रंग पण तेवढा तकतकीत नाही, ज्वारीच्या कडब्यासारखा पण तेवढा पिवळा नाही. मी ऐकत होतो. मला वाटायचं, मी कधी वाळवंट पाहिलेलं नाही म्हणून ते डोळ्यांसमोर येत नाही.

रंग आणायला आम्ही दोघं एसटीनं उस्मानाबादला गेलो. आता त्याचं धाराशिव झालं आहे, पण माझ्या तोंडात जुनंच नाव बसलं आहे. लढाईनंतर तात्या पहिल्यांदाच गावाबाहेर पडले होते. इस्त्री केलेला शर्ट, पायात फौजेचे बूट. बाजारात एका चाचांचं हार्डवेअरचं दुकान होतं. चाचांनी ऑईलपेंटचे छोटे डबे उघडले आणि आगकाडी बुडवून पुठ्ठ्यावर एकेक ठिपका ओढत गेले. तात्या माझ्याकडं वळले आणि हसून म्हणाले, ‘निवड बघू. तुला म्या सांगितलाय तसला.’ मी पुठ्ठा उजेडात धरला आणि अगदी खात्रीनं एका पट्ट्यावर बोट ठेवलं.

चाचा हसले. ‘अरे बेटा, वो तो पिस्ता है. खिडक्या रंगाते उससे लोगां.’

‘गंमत करायलंय पोरगं,’ तात्या म्हणाले. पण ते हसत नव्हते. ‘नीट बघ रं.’ मी पुन्हा बघितलं. दोन पट्टे मला जवळपास सारखेच वाटत होते. एक जरासा फिका. मी त्या दुसऱ्यावर बोट ठेवलं. ‘हां, ये बरोबर. बदामी,’ चाचा म्हणाले. तात्यांनी तो डबा घेतला. मग जरा थांबून पिस्त्याचाही घेतला. मला वाटलं, देखाव्यातल्या झाडांसाठी असेल. परतीच्या एसटीत ते खिडकीतून बाहेर बघत होते. मी विचारलं, ‘तात्या, पाय दुखायलाय का?’ ते न्हाय म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन करवंट्यांत रंग ओतले आणि माझ्यापुढं ठेवले. ‘तू रंगीव. म्या जरा पडतो.’ पडले नाहीत, खांबाला टेकून माझ्याकडं बघत राहिले. मी एकेक रणगाडा मन लावून रंगवत गेलो. ज्या करवंटीला हात लागेल तिच्यातून ब्रश बुडवायचो. शेवटच्या रणगाड्याला तर पुढून एका करवंटीतला आणि मागून दुसरीतला रंग लागला, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. छबू शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि ओरडली, ‘अगं बया! दादा, ह्यो असा दोन रंगांचा का रंगवायलास? अर्धा हिरवा, अर्धा—’

‘गप!’ तात्या एवढ्या मोठ्यानं ओरडले की छपरावरच्या चिमण्या उडाल्या. छबूचं तोंड रडवेलं झालं. तात्यांनी आवाज खाली आणला. ‘तसाच असतोय तो. दुश्मनाला दिसू नये म्हणून. कामोफ्लाज म्हणत्यात त्याला. म्याच सांगितलंय त्याला तसं रंगवायला.’

त्यांनी मला तसं काही सांगितलं नव्हतं. पण तात्या माझी बाजू घेतायत, आणि तीही फौजेचा एक शब्द वापरून, एवढंच मला कळलं. मी फुगून गेलो. समारंभाच्या मंडपात वाळूच्या ढिगाऱ्यावर ते रणगाडे मांडले तेव्हा येईल त्याला मी ‘हे कामोफ्लाज आहे’ म्हणून सांगत होतो. कारखान्याचे होऊ घातलेले चेअरमन पाहुण्यांना घेऊन आले. पाहुण्यांनी नेमका तो दोन रंगांचा रणगाडा उचलला आणि वा वा केलं. सर म्हणाले, आमच्या विद्यार्थ्यांनी केलंय. तात्या मंडपाच्या दोरीबाहेर लोकांत उभे होते. मी हात वर करून त्यांना दाखवणार होतो, तोवर पाहुणे पुढच्या देखाव्याकडं गेले.

आता माझा नातू त्याच्या मोबाईलवर रंगीत ठिपक्यांची चित्रं काढून माझ्यापुढं धरतो. आजोबा, यात कितीचा आकडा आहे सांगा. मी चुकलो की त्याला मजा वाटते. त्याच्या आईनं त्याला दोनदा दटावलं, पण मीच म्हटलं खेळू दे. निदान तो मला तोंडावर सांगतो.

त्या समारंभानंतर तात्या पुन्हा भिंतीकडं वळले नाहीत. एक दिवस पहाटे त्यांनी मला हलवून उठवलं. ‘फौजेत जायचंय ना? मग ऊठ.’ तेरणेच्या कोरड्या पात्रात मी पळायचो आणि ते दगडावर बसून शिट्टी मारायचे. वाळूत पाय रुततात, वाळूत पळणारा सडकेवर उडतो, असं त्यांचं म्हणणं. परत आलो की माय भिजवलेले हरभरे मूठभर पुढं ठेवायची. दुष्काळ सरला, नदीला पाणी आलं, मग आम्ही माळावर पळायला लागलो. तात्या दाढी करू लागले, वाड्यातल्या इतर पोरांनाही कवायत शिकवू लागले, भीमजयंतीच्या मिरवणुकीत पुढं चालू लागले. लोक मायला म्हणायचे, पोरामुळं दीर माणसात आला तुझा. माय नुसती मान हलवायची.

मी मॅट्रिक झालो, चांगल्या मार्कांनी झालो. अध्यापक विद्यालयात माझा नंबर लागला. आमच्या वाड्यातून तोवर कुणी मास्तर झालेलं नव्हतं. त्याच महिन्यात भरती होती. दोन्ही गोष्टी जमण्यासारख्या नव्हत्या. भरतीत निघालो तर लगेच जावं लागणार, आणि विद्यालयात हजर व्हायची तारीख टळली तर जागा दुसऱ्याला जाणार. मी तात्यांना सरळ विचारलं. संध्याकाळची वेळ होती, माय चुलीपुढं होती, तिला सगळं ऐकू येत होतं.

‘तात्या, तुमी सांगा. मास्तरकीला जाऊ का भरतीला?’

तात्यांनी बिडी पेटवली. ती अर्धी होईपर्यंत ओढली. मायनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि पुन्हा जाळ सारला. ‘तुझ्या मनात काय हाय?’ त्यांनी विचारलं. ‘माझ्या मनात फौजच हाय,’ मी म्हणालो. ‘मग पळत ऱ्हा,’ ते म्हणाले.

भरतीच्या मैदानावर मी पळण्यात पहिला आलो. छाती भरली, वजन भरलं. एक हवालदार माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, ‘घर में कोई फौजी है क्या?’ मी तात्यांचं नाव आणि त्यांची पलटण सांगितली. मग डोळ्यांच्या तपासणीला तंबूत नेलं. डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. ‘कौनसा नंबर है?’ मला नुसते ठिपके दिसत होते. मला वाटलं, प्रश्न समजला नाही. त्यांनी पान उलटलं, पुन्हा उलटलं. मग पुस्तक मिटलं आणि शेजारच्या माणसाला म्हणाले, कलर ब्लाइंड, अनफिट. मी विचारलं, औषध आहे का याला. ते म्हणाले, ‘नहीं बेटा. जन्म से होता है, माँ की तरफ से आता है. तुम्हारे घर में किसी को पता नहीं था?’

एसटीत बसून मी हेच ठरवत होतो की ही गोष्ट घरी सांगायची कशी. तात्यांना धक्का बसेल, ते पुन्हा बाजेवर पडतील. माय रडेल. मी शब्द जुळवत आलो. दारात चपला काढल्या आणि म्हणालो, ‘मला काढलं. मला रंग दिसत न्हाईत म्हणले.’

कुणी दचकलं नाही. माय भाकरी उलटवत होती, तिनं ती नीट उलटवली. तात्या खांबाला टेकून बसले होते, त्यांनी मान खाली घातली. छबू तेवढी रडायला लागली आणि रडता रडता म्हणाली, ‘म्या सांगणार व्हते दादा, मायनं शपथ घातली व्हती.’

तेव्हा मला समजलं. तो दोन रंगांचा रणगाडा, दुकानातला पुठ्ठा, तात्यांची ती ओरड, सगळं एकदम समोर आलं. मी तात्यांपुढं जाऊन उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्याशी आवाज चढवून बोललो. ‘तुमाला ठावं व्हतं?’

‘व्हय.’

‘पुठ्ठ्यावर बोट ठेवलं तवापासून?’

‘व्हय. आमच्या भरतीतला एक असाच गेला व्हता घरी, तपासणीत.’

‘मग पळवलं कशाला मला? मास्तरकीला जाऊ का म्हणून इचारलं, तवा तरी सांगायचं!’

तात्या म्हणाले, ‘सांगावं वाटायचं. रोज पहाटं वाटायचं, आज सांगू. मग तू पळायला लागायचास.’ एवढंच म्हणाले. माझ्याकडं पाहिलं नाही. त्यांना मारावंसं वाटलं मला. मी भरलेली मातीची घागर उचलली आणि अंगणात आपटली. माय उठली, तिनं खापरं गोळा केली.

विद्यालयातली जागा गेलेली होती. पुढच्या वर्षी मार्कांची चढाओढ वाढली, त्याच्या पुढच्या वर्षी छबूचं लग्न निघालं. मी साखर कारखान्यात हंगामी लागलो, उसाच्या गाड्यांवर नंबर टाकायला. एकदा बॉयलरवर घ्यायचं म्हणून साहेबांनी बोलावलं. पगार जवळजवळ दुप्पट होता. मी तिथले लाल-हिरवे दिवे बघितले आणि मला जमणार नाही म्हणून सांगून परत आलो. कारण सांगितलं नाही. शेवटी गेटवर वॉचमन म्हणून कायम झालो. खाकी वर्दी मिळाली. चेअरमनची गाडी आली की सलाम ठोकायचा असे, आणि माझा सलाम फार चांगला होतो असं सगळे म्हणायचे. तो मला तात्यांनीच शिकवला होता.

तात्यांशी मी बोलणं सोडलं. एकाच घरात राहून सोडलं. माझं लग्न झाल्यावर त्यांना काय हवं-नको ते बायकोला विचारायला सांगायचो. ते माझ्या पोरांना अंगणात कवायत शिकवायचे, ती मी बंद केली. शेवटी छातीच्या आजारानं गेले तेव्हा दवाखान्यात मीच उशाशी होतो. त्यांनी दोनदा माझं नाव घेतलं. मी ‘हं’ म्हणालो. पुढं ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. खांदा दिला, सगळं केलं. पोटच्या पोरानं केलं नसतं असं केलं, असं वाड्यातले लोक म्हणाले. मी ऐकून घेतलं.

जलदानविधी आटोपला, पाहुणे गेले, आणि मी आणि माय अंगणात मोठी पातेली घासत बसलो. माय तेव्हा म्हातारी झाली होती, तरी राख आणि काथ्या घेऊन तिचा हात भराभरा चालत होता. माझ्याकडून आपोआप निघून गेलं, ‘माये, एकदा तरी सांगायचंस.’

तिनं हात थांबवला नाही. ‘माझ्या बापालाबी असंच व्हतं,’ ती म्हणाली. ‘हिरव्या मिरच्या तोडून आण म्हणलं की पिकलेल्या आणायचा. भावजींनी सांगायच्या आधीच मला ठावं व्हतं तुझं.’ मग पातेलं उलटं करून तिनं बूड घासायला घेतलं. ‘तुला ठावं न्हाय. ते आले त्या साली एकदा पहाटं मी उठले, तर भावजी दोर घेऊन लिंबाखाली उभे व्हते. दोर म्या हातातनं काढून घेतला. नंतर रोज मला झोप न्हवती. मग तुझं ते पळणं सुरू झालं आन् ते आपणहून उठाया लागले. म्याच म्हणले त्यांना, भावजी, सांगू नगा. चालू द्या.’

‘आन् माझं?’

‘तू तगणार व्हतास,’ माय म्हणाली. ‘ते तगणार न्हवते. म्या एवढंच बघितलं. आत्ता परत तशीच येळ आली तर परत तसंच करीन.’

ती माझ्याकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर माफी मागितल्यासारखं काही नव्हतं. मला राग येईल असं वाटलं होतं, तोही धड आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. मायनं घासलेलं पातेलं माझ्याकडं सरकवलं, मी ते विसळून उपडं घातलं. ‘आत भात हाय, खाऊन घे, ड्यूटीवर जायचंय तुला,’ ती म्हणाली. मी हात धुतले, आत जाऊन भात खाल्ला आणि दुसऱ्या पाळीला गेटवर जाऊन उभा राहिलो.